कागदावरचा माणूस: अमेरिकेतील पांढरपेशा गुन्हेगार आणि शिक्षेचा इतिहास

#धागा

१. गुन्हा दारिद्र्यातूनच जन्मतो, या समजाला समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली फिलाडेल्फियातील अध्यक्षीय भाषणात धक्का दिला. ‘पांढरपेशे गुन्हे’ ही संकल्पना तिथून रूढ झाली. प्रश्न उरला तो असा: प्रतिष्ठित माणसाला शिक्षा किती, आणि ती ठरवायची कुणी?

२. त्या काळी संघीय न्यायालयांत हे बहुतांशी न्यायाधीशाच्या मर्जीवर होते. कायदा कमाल मर्यादा सांगे. त्याखाली प्रोबेशनपासून दीर्घ तुरुंगवासापर्यंत काहीही शक्य असे. शिवाय १९१० पासून पॅरोल होताच. त्यामुळे सुनावलेली वर्षे आणि भोगलेली वर्षे यांचा मेळ बसत नसे.

३. १९७३ मध्ये न्यूयॉर्कचे संघीय न्यायाधीश मार्विन फ्रँकेल यांनी या अनियमिततेवर पुस्तकच लिहिले. टीकेला फळ आले ते १९८४ च्या शिक्षा सुधारणा कायद्याने. १ नोव्हेंबर १९८७ पासून मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि नव्या गुन्ह्यांसाठी पॅरोल संपला.

४. पूर्वी पांढरपेशे आरोपी वारंवार प्रोबेशनवर सुटत. आयोगाने हे जाणीवपूर्वक बदलले: तुरुंगवास अल्प असला तरी चालेल, पण तो निश्चित हवा. फसवणुकीत मात्र शिक्षा नुकसानीच्या रकमेला बांधली गेली; आकडा वाढला की वर्षे वाढतात.

५. २००२ मध्ये टपाल व तारेद्वारे केलेल्या फसवणुकीची कमाल शिक्षा ५ वर्षांवरून २० वर्षांवर गेली. एन्रॉनच्या जेफ्री स्किलिंग यांना २००६ मध्ये २४ वर्षे ४ महिने झाले; २०१३ मध्ये ते १४ वर्षांवर आले. मधल्या काळात, २००५ च्या ‘बुकर’ निकालाने तत्त्वे केवळ सल्लावजा ठरवली होती. तरीही हिशेबाचा आरंभ आजही तिथूनच होतो.

६. म्हणूनच दोषी ठरणे आणि शिक्षा सुनावली जाणे यांमधील काळ निर्णायक ठरतो. प्रोबेशन अधिकारी आरोपीचे कुटुंब, आरोग्य, व्यसने, मालमत्ता यांचा अहवाल तयार करतो. तो सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी मिळतो. हरकतींसाठी मुदत १४ दिवसांची.

७. हा अहवाल न्यायालयातच थांबत नाही. कोणता तुरुंग, कोणती सुरक्षाश्रेणी, कोणते उपचार, हे ठरवताना तुरुंग विभागही तोच वाचतो. न नोंदलेला आजार वा न खोडलेली चूक माणसाबरोबर आत जाते.

८. शिक्षेपूर्वी आरोपीला स्वतः बोलू देण्याची प्रथा इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आली. तिथे सबबी सांगणाऱ्यापेक्षा बळींचे नुकसान मान्य करणाऱ्याचे शब्द अधिक वजनदार ठरतात.

९. सुटकेची वाटही कायद्यानेच आखली आहे: सद्वर्तनाबद्दल शिक्षेच्या दर वर्षामागे कमाल ५४ दिवसांची सूट, २००८ च्या कायद्यानुसार अखेरचे कमाल १२ महिने पुनर्वसनगृहासारख्या व्यवस्थेत, पुढे बहुधा देखरेखीखालील मुक्तता. भरपाईचे देणे मात्र सुटकेनंतरही पाठ सोडत नाही.

१०. मर्जी हटवून नियम आणले, ते विषमता संपावी म्हणून. पण नियमांच्या जंगलात वाट दाखवणारा वकील सर्वांनाच परवडत नाही. न्यायाधीशाला माणूस भेटतो तो काही तास. उरलेली वर्षे कागदच त्याच्या वतीने बोलतो. तो कागद कुणी, किती काळजीने लिहिला, हा प्रश्न १९८७ नेही सोडवलेला नाही.

(धागा समाप्त)