डेडो, रॉड

डेडो, रॉड : (१७ फेब्रुवारी १९१४–५ जानेवारी २००६). अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचे थोर प्रशिक्षक. पूर्ण नाव राउल मार्शल डेडो. जन्म लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे. लॉस अँजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात (यूएससी) शिकत असताना ते तेथील संघाकडून खेळत. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाकडून ते शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यानचा क्षेत्ररक्षक) म्हणून दोनच सामने खेळले. पाठीच्या दुखापतीने खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द लवकर संपली. पुढे त्यांनी मालवाहतुकीचा व्यवसाय काढून भरभराटीस आणला. उदरनिर्वाह त्यावर चालत असल्याने पुढे प्रशिक्षक झाल्यावर विद्यापीठाकडून ते वर्षाला नाममात्र एक डॉलर वेतन घेत.

यूएससीचे प्रशिक्षक सॅम बॅरी दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेल्यावर १९४२ मध्ये संघाची धुरा डेडो यांच्याकडे आली. बॅरी परतल्यावर दोघांनी मिळून संघ घडवला आणि १९४८ मध्ये येल विद्यापीठाला नमवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. येलचे कर्णधार होते पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश. १९५० मध्ये बॅरी यांचे निधन झाले. त्यानंतर १९८६ मधील निवृत्तीपर्यंत डेडो एकटे प्रमुख प्रशिक्षक होते. ४५ हंगामांत त्यांच्या संघाने १,३३२ सामने व ११ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. त्यांपैकी पाच १९७०–७४ या काळात सलग मिळाली. हा विक्रम अबाधित आहे.

मूलभूत कौशल्यांचा कसून सराव आणि मैदानावरचे अखंड अवधान ही त्यांच्या शिकवणीची दोन सूत्रे. खेळाडूंना ते प्रेमाने ‘टायगर’ म्हणत. या शिकवणीचे बळ १९७३ मध्ये ओमाहा येथील कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत दिसले. उपांत्य सामन्यात मिनेसोटा विद्यापीठाचा गोलंदाज (पिचर) डेव्ह विनफिल्डने आठ डाव यूएससीला एकही धाव घेऊ दिली नव्हती. ०–७ अशा पिछाडीवरून यूएससीने नवव्या डावात आठ धावा काढून सामना ८–७ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही राखले.

टॉम सीव्हर, फ्रेड लिन, मार्क मॅकग्वायर, रँडी जॉन्सन हे नामवंत खेळाडू त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९६४ (टोकिओ) व १९८४ (लॉस अँजेलिस) च्या ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रात्यक्षिक खेळ होता. दोन्ही वेळी अमेरिकी संघाचे प्रशिक्षक डेडोच होते. १९८४ मध्ये अंतिम सामन्यात जपानकडून हार पत्करावी लागली. विद्यापीठाच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे त्यांचे निधन झाले. व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकपद न स्वीकारता विद्यार्थी खेळाडूंसाठी आयुष्य वेचल्यामुळे महाविद्यालयीन बेसबॉलला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.