बिनसहीची पोस्टरं

दोस्तांनो, पोस्टर ही काय इतिहासात मांडायची गोष्ट आहे का, असं काही जण विचारतील. आहे. ज्याच्याकडं पेपर नाही, छापखाना नाही, त्याचा इतिहास आधी भिंतीवर लिहिला जातो. पाऊस पडला की तो धुऊन जातो. म्हणून फ्रान्समधल्या एका चित्रकार टोळीची हकिकत इथं मांडतोय. टोळीचं नाव ग्रापुस. कलाशाळांतून त्यांचं काम आज आदरानं दाखवलं जातं. पण ते उभे कशावर राहिले आणि फुटले कशावरनं, हे आपल्या जास्त कामाचं आहे.

मे १९६८. पॅरिसमध्ये विद्यार्थी पोलिसांशी भिडले होते. १३ मेला कामगार संघटनांनी संप पुकारला आणि पुढच्या दिवसांत देशभर लाखो कामगारांनी कारखाने बंद पाडले. १४ मेला एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत विद्यार्थ्यांनी शिळाप्रेसवर पहिलं पोस्टर काढलं. शब्द तीनच : कारखाने, विद्यापीठं, एकजूट. शाळा ताब्यात घेतली आणि तिला नाव दिलं लोकांची कार्यशाळा, आतलिए पॉप्युलेर.

शिळाप्रेस संथ चालतो. संप थांबत नाही. मग त्यांनी स्क्रीन धरला. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं जाळीचं कापड. जिथं शाई नको तिथली जाळी बुजवायची, वरनं रबरी पट्टीनं शाई ओढायची, खाली कागद छापून तयार. मी गिरणीत कापडाजवळच उभा असतो, त्यामुळं हे वाचताना हात शिवशिवले. आपण स्टेन्सिल कापून अंक काढतो, त्याचंच हे भावंड. मालकाच्या छापखान्याची गरज नाही.

पण खरी गोष्ट यंत्राची नाही, रिवाजाची आहे. पोस्टरवर कुणाची सही नाही. संध्याकाळी सभा बसायची, विद्यार्थी आणि संपकरी दोघंही. चित्रं समोर मांडायची आणि दोनच प्रश्न विचारायचे. यातला राजकीय विचार बरोबर आहे का? तो चित्रातनं नीट पोचतो का? सभेनं हो म्हटलं तर रात्री छपाई, सकाळी भिंतीवर. रेनोच्या संपकऱ्यांसाठी पोस्टरं निघाली. फ्रेंच आणि परदेशातनं आलेले मजूर एक व्हा, असंही पोस्टर निघालं. २७ जूनला पोलिसांनी शाळा रिकामी केली. तोवर शेकडो चित्रं रस्त्यावर गेली होती.

या धगीतनं तीन पोरं एकत्र आली : प्येर बेर्नार, जेरार पारी-क्लावेल, फ्राँस्वा मिए. १९७० मध्ये त्यांनी ग्रापुस काढलं. तिघंही कम्युनिस्ट पक्षातले. विरोधी डावे गट त्यांना स्टॅलिनचे हरामखोर म्हणून शिव्या घालायचे. त्या फ्रेंच शिवीची आणि ग्राफिक या शब्दाची मोडतोड करून त्यांनी नाव घेतलं. शिवी उचलून निशाण करायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

बेर्नार आणि पारी-क्लावेल वॉर्सात हेन्रिक तोमाशेव्स्की या पोस्टरवाल्या गुरूकडं शिकलेले. त्यामुळं रेघ सुटी, अक्षरं हातानं लिहिलेली, मध्येच थट्टा. पुढं झाँ-पोल बाशोले आणि आलेक्स जॉर्डन आले. काम कुणीही केलेलं असो, सही एकच : ग्रापुस. कंपनीची जाहिरात करायची नाही. पक्ष, कामगार संघटना, नाटक मंडळी, नगरपालिका यांच्यासाठी करायचं. गरिबांना मदत करणाऱ्या सकूर पॉप्युलेर संस्थेचा पंखवाला हात त्यांनीच काढला.

मग १९८९ आलं. लूव्र संग्रहालयाला नवी ओळख हवी होती. राजांचा जुना वाडा, सरकारचं घर. बेर्नारचं म्हणणं, संग्रहालय लोकांचं आहे, लोकांच्या जागेला चांगलं चित्र देणं हेसुद्धा राजकारणच. दुसऱ्यांचं म्हणणं, सरकारचं तोंड रंगवायला आपण जमलो नव्हतो. ढगांवर लूव्र हे नाव लिहिलेली खूण झाली, पण टोळी राहिली नाही. १९९० मध्ये सरकारचा ग्राफिक कलेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९९१ च्या सुरुवातीला ग्रापुस संपलं. बेर्नारनं वेगळी कार्यशाळा काढली, फ्रान्सच्या राष्ट्रीय उद्यानांची खूण केली. २०१५ मध्ये तो गेला. जॉर्डननं १९८९ मध्येच दुसरी मंडळी उभारली होती, नाव : आम्ही एकत्र काम करतो. पारी-क्लावेलनं ‘न पा प्लिए’ काढलं, म्हणजे वाकू नका. तो बेकारांच्या मोर्चांसाठी चित्रं करत राहिला. गरिबी आहेच, तिच्यात चित्रांच्या गरिबीची भर नको, हे त्यांचं सूत्र.

यात गद्दार कोण, हे मी ठरवत नाही. बेर्नारचं म्हणणंही खोटं वाटत नाही. संग्रहालय आपलं का नसावं? पण एक दिसतं. १९६८ मध्ये निर्णय सभेचा होता, त्यात संपकरी होता. वीस वर्षांनी निर्णय चित्रकारांच्या टेबलावर होता. कामगार त्या खोलीतच नव्हता. माझ्या मते फूट तिथं पडली, लूव्र फक्त निमित्त.

आता आपल्या वस्तीकडं बघा. १४ एप्रिलला फ्लेक्स लागतात. वर बाबासाहेब, खाली दहा जणांचे हसरे फोटो, नावं बाबासाहेबांपेक्षा ठळक. पैसा कुणाचा, विचार कुणाचा, सभा कुठं बसली? ज्या माणसानं १९२० मध्ये मुक्यांसाठी ‘मूकनायक’ काढला, त्याच्या पायाशी ही सह्यांची जत्रा.

फ्रान्सचं आहे म्हणून आंधळेपणानं घ्या, असं मी म्हणत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ मध्ये रेडिओवर सांगितलं होतं. सभेत बसून ठरवायचं, हे तर बुद्धाच्या संघातही होतं. तेव्हा येत्या जयंतीला एक करू. चौकट, कापड, शाई आणू. चित्र काढलं की वस्तीतल्या बायाबापड्यांसमोर मांडू आणि ते दोन प्रश्न विचारू. त्यांनी नाही म्हटलं तर फाडू, पुन्हा काढू.

आणि खाली सही करायची नाही.

जय भीम.