वर्दीतलं मौन

वर्दी अंगावर चढली की गप्प राहण्याचा हक्क संपला, असं भलेभले छातीठोकपणे सांगतात. त्यांचा पूर्वपक्ष वरवर भक्कम आहे. घटनेच्या कलम 33 ने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क आखडण्याची मुभा दिली. 1982 च्या पृथीपालसिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आर्मी ॲक्टच्या तरतुदींना त्याच कलमाचं छत्र दिलं. मग आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती करू नये, असं सांगणारं कलम 20(3) उरलं कुठे?

उरलं की! छत्र मिळालं ते कायद्यात असलेल्या तरतुदींना. आरोपीने स्वतःविरुद्ध बोललंच पाहिजे असं सांगणारं कलम आर्मी ॲक्टमध्ये कुणी दाखवावं. उलट 1954 च्या आर्मी रूल्समधला नियम 23 पाहा. समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे कोर्ट मार्शलआधीची पुराव्याची नोंद, घेताना साक्षीदार आटोपले की आरोपीला बजावायचं असतं: बोलायची सक्ती नाही, बोललात तर ते लिहून घेतलं जाईल आणि पुराव्यात येऊ शकेल. नियम 182 तर त्याच्याही पुढे जातो. कोर्ट ऑफ एन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीत, दिलेली कबुलीसुद्धा त्या जवानाविरुद्ध पुरावा ठरत नाही. अपवाद फक्त तिथेच खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा.

राहिला शिस्तीचा मुद्दा. आर्मी ॲक्टच्या कलम 41 खाली शिक्षा होते ती कायदेशीर हुकूम मोडल्याची. 'गुन्हा कबूल कर' हा हुकूम त्यात बसवायचा तर नियम 23 खोडावा लागेल. अमेरिकी लष्करात 1951 पासून लागू असलेल्या संहितेचं कलम 31 संशयिताला प्रश्न विचारण्याआधी गप्प राहण्याचा हक्क सांगायला लावतं. तिथल्या पोलिसांवर तसं बंधन आलं ते 1966 च्या मिरांडा निकालाने. म्हणजे शिस्तीचा बाऊ ज्यांनी करायचा, त्यांनीच पंधरा वर्षं आधी हे स्वीकारलं; कारण वरिष्ठाने साधा प्रश्न विचारला तरी शिपायाला तो हुकूमच वाटतो.

आपलं खरं दुखणं वेगळंच आहे. पोलिसासमोरची कबुली साक्ष्य अधिनियम बाद ठरवतो, पण कंपनी कमांडर पोलीस नव्हे. समरीच्या आधी त्याच्या ऑफिसात जवानाने काही कबूल केलं, तर बचावाला धमकी, आमिष किंवा जबरदस्ती होती हे दाखवावं लागतं. बंद दाराआड सावधान उभ्या राहिलेल्या शिपायाने ते दाखवायचं कसं? हक्क नाहीच म्हणणारे या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत.