साष्टीतले परदेशी पाद्री

साष्टी बेटावर परदेशी धर्मप्रसारक आले ते वसईच्या तहापाठोपाठ. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना लिहून दिला, त्यात मुंबईच्या बेटांबरोबर साष्टीही गेली. सहासष्ट गावांचे बेट म्हणून षट्षष्टी आणि त्यावरून साष्टी, अशी नावाची उपपत्ती सांगतात. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही उपनगरे याच बेटावर आहेत. तेव्हा येथे भातखाचरे होती, मिठागरे होती, किनाऱ्याला कोळीवाडे आणि मधोमध कान्हेरीचे रान. गोव्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्याचे नावही साष्टीच. जुनी कागदपत्रे वाचताना या दोन साष्टींची गल्लत भल्याभल्यांची होते.

पहिल्या पाद्र्यांत ठळक नाव फ्रान्सिस्कन पंथाच्या अंतोनियो दो पोर्तो याचे. वसईला बस्तान बसल्यावर त्याने आपला मोर्चा बोरिवलीकडे वळवला. तेथे दहिसर नदीपासून जवळच, लहानशा टेकडीच्या पोटात, सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेले मंडपेश्वराचे शैव लेणे होते. त्याने या लेण्याचेच मरियेचे प्रार्थनामंदिर केले. दर्शनी भागाला भिंत घातली, मूर्ती झाकल्या आणि टेकडीच्या माथ्यावर, लेण्याच्या थेट डोक्यावर, मठ व विद्यालय उभारले. मंदिरांच्या इनामांचे उत्पन्न पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या हुकमाने या विद्यालयाकडे वळते झाले. शेजारच्या पोयसरच्या चढावर १५४४ मध्ये निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचे चर्च बांधले गेले. बोरिवलीच्या ‘आय. सी. कॉलनी’तली ती दोन अक्षरे या चर्चच्या इंग्रजी नावाची. घराचा पत्ता सांगताना सुमारे पावणेपाचशे वर्षांमागच्या एका फ्रान्सिस्कन कारभाराचा उच्चार आपण करतो, हे तिथल्या फार थोड्या रहिवाशांच्या ध्यानात येत असेल.

हाच पाद्री पुढे कान्हेरीला गेला. तिथल्या मोठ्या चैत्यगृहात संत मायकेलचे चर्च झाले. दिओगो दो कूतो या पोर्तुगीज बखरकाराने कान्हेरीची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लेण्यांखालून एक भुयार थेट खंबायतेपर्यंत जाते, अशी लोकांत बोलवा होती. अंतोनियो दो पोर्तो त्याचा छडा लावायला निघाला. बरोबर माणसे, शिधा, पाणी, आणि परतीची वाट चुकू नये म्हणून लांबच लांब दोर. सात दिवस ही मंडळी अंधारात चालली, शेवट काही लागला नाही, आणि शिधा संपत आला तशी दोर धरून माघारी आली. कान्हेरी ज्याने पाहिली आहे त्याला सात दिवस चालण्याइतके भुयार तिथे नाही हे ठाऊक असते. तरीही गोष्ट टाकून देण्याजोगी नाही. परक्या मुलखात उतरलेल्या माणसाला शंभराहून अधिक गुंफांचा तो डोंगर कसा वाटला असेल, हे तिच्यातून कळते.

हे लोक येत तरी कसे? लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलात सुटत आणि सगळे जमून आले तर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत. पाण्यावर सहा महिने, तोंडात हिरड्या सुजवणारा स्कर्व्हीचा आजार, आणि पोचल्यावर ताप. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी (जेझुइट) ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. वय तिशीच्या आसपास. तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला, त्याने लंडनच्या आपल्या वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात धर्माची चर्चा थोडी; वारे, समुद्रातले मासे, पक्षी आणि आजारी खलाशी यांचेच वर्णन फार. नव्या देशात पोचलेला मुलगा घरी जसे लिहील तसेच ते आहे. फरक एवढाच, की हा मुलगा परत जाणार नव्हता. पुढली चाळीस वर्षे त्याने गोव्याच्या साष्टीत काढली, तिथली भाषा आपलीशी केली आणि १६१६ मध्ये रायतूरहून मराठी ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले.

मुंबईजवळच्या साष्टीत येशूसंघी फ्रान्सिस्कनांच्या मागून आले आणि त्यांनी बेटाची दक्षिण बाजू धरली. आज विहारच्या परिसरात मोडणाऱ्या जागेवर त्यांनी जमीन घेऊन ‘त्रिंदाद’ नावाचे नवख्रिस्त्यांचे गाव वसवले. १५७५ मध्ये वांद्र्याला संत अँड्र्यूचे चर्च झाले, १५७९ मध्ये मरोळजवळ संत जॉन बाप्तिस्ताचे. त्या काळातल्या मानुएल गोमेस या पाद्र्याला त्याच्या पंथातले लोक ‘साष्टीचा प्रेषित’ म्हणत. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर या भागातून गेला, तेव्हा वांद्र्याच्या येशूसंघी विद्यालयावर त्याला सात तोफा दिसल्या. समुद्रावरून लुटारू येत, म्हणून त्या ठेवल्या होत्या हे खरे. पण तोफा बाळगणारी संस्था भिक्षेवर जगत नसते.

साष्टीच्या मिशनचे सगळे मर्म गावांच्या उत्पन्नात होते. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून ‘पाद्रोआदो’चा, म्हणजे धर्माश्रयाचा, हक्क मिळालेला होता. बिशप नेमायचे त्याने, पाद्र्यांचा खर्च चालवायचा त्याने, आणि त्यासाठी गावेच्या गावे पंथांना लावून द्यायची तीही त्यानेच. गावचा खोत आणि गावचा गुरू एकच झाला की उपदेशाला वेगळेच वजन येते. देवळे पाडली गेली, उघड पूजाअर्चेवर बंदी आली, अनाथ मुले पाद्र्यांच्या ताब्यात देण्याचा कायदा झाला. गोव्यात १५६० मध्ये बसलेल्या इन्क्विझिशनचा हात वसईपर्यंत पोचत होता. त्याच वेळी बाप्तिस्मा घेणाऱ्याला कसायला जमीन, दुष्काळात भात आणि मुलाला अक्षरओळख मिळत होती. ‘तलवारीच्या धाकाने’ आणि ‘प्रेमाच्या संदेशाने’ ही दोन्ही ठोकळेबाज उत्तरे इथे अपुरी पडतात. माणसे धर्म बदलत होती ती बहुधा कुळाने आणि वाड्याने, धन्याकडे बघून.

पाद्र्याचा आठवडा रविवारभोवती फिरे. त्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसे मिस्साला येत. इतर दिवशी मुलांना ‘दोत्रिना’, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण. फ्रान्सिस झेवियरने पाडलेल्या प्रघाताप्रमाणे येशूसंघी हातात घंटा घेऊन गल्लीतून फिरत, मुले गोळा करत आणि प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. या कामाला पोर्तुगीज पुरत नसे. १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश याचे ख्रिस्ताच्या यातनांवरचे पद्यपुराण उत्तर कोकणच्या मराठी बोलीत आहे, लिपी मात्र रोमन. वाचणारा पाद्री परका आणि ऐकणारी रयत इथली, हे त्या छपाईवरूनच दिसते. आणि तिकडे गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. साष्टीत तसे काही घडले नाही. घरी मराठी राहिली. आडनावे तेवढी परेरा, डिसोझा, डिमेलो झाली. उलट पोर्तुगीज शब्दच सगळ्या मराठीत शिरले. पाद्री, क्रूस, नाताळ, पाव, पगार, चावी हे शब्द वापरताना ते बाहेरचे आहेत हे कोणाला आठवतही नाही.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पाठीमागची राजसत्ता गेली तशी गावांची वसुली गेली आणि परदेशी पाद्री बेट सोडून गेले. तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. तिची देखभाल आता गोव्याहून येणाऱ्या एतद्देशीय पाद्र्यांकडे आली. मंडपेश्वरात पुन्हा पूजा सुरू झाली, माथ्यावरचा मठ ओस पडला. गंमत अशी, की धर्मप्रसारक गेले तरी धर्म राहिला. दोनशे वर्षांत तो शेतीच्या, लग्नाच्या, सणावाराच्या अंगवळणी पडला होता. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याची चाल ख्रिस्ती घरांत अजून आहे. ती कोणत्याही पाद्र्याने शिकवलेली नाही. रेल्वे आणि गोदीच्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून व मंगळूरहून कॅथलिक येऊ लागले, तेव्हा आपण वेगळे आणि इथले हे ठसवण्यासाठी या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

त्याच्या बरेच आधी, डिसेंबर १७७४ मध्ये, साष्टी इंग्रजांकडे गेली होती. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते; व्यापारात धर्माची कटकट कशाला, हा तिचा हिशेब. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन तरुण फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचीच तयारी चालली होती. त्याच वर्षीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हॉल मराठीत उपदेश करत गावोगाव हिंडला आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेला. वय ४१.

मॉर्मन पंथाचे प्रचारक मुंबईत आले ते हॉल आणि नॉट यांच्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापलेला हा पंथ तेव्हा युटाच्या वाळवंटात नुकता स्थिरावत होता. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईत उतरला. ‘थैली आणि शिदोरी’ न घेता निघायचे, मिळेल तिथे राहायचे, ही या पंथाची रीत. त्याच्यामागे राजा नव्हता, गावाची वसुली नव्हती, तोफांचा तर प्रश्नच नव्हता. मुंबईतल्या इंग्रजी पत्रांनी आणि इतर पंथांच्या पाद्र्यांनी त्याच्यावर झोड उठवली. तो पुण्याला गेला; तिथे छावणीच्या अधिकाऱ्यांनी हद्दीत उपदेश करायला मनाई केली. तरी पुण्यात एक छोटी मंडळी जमली. त्यातले बहुतेक युरोपीय. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत पंथाने बहुपत्नीत्वाचे तत्त्व जाहीर केले, आणि त्याच सभेत हिंदुस्थानसाठी नऊ प्रचारक नेमले गेले. एप्रिल १८५३ मध्ये ते कलकत्त्याला पोचले, तोवर ती बातमी येऊन थडकायला कितीसा वेळ लागणार! १८५६ पर्यंत सगळे परतले. इकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली होती. ज्या साष्टीत पाद्री पालखीने आणि गलबताने फिरत, तिची उपनगरे होण्याची सुरुवात त्या रुळांवरून झाली. मॉर्मनांच्या हातून या बेटावर काही उभे राहिले नाही. दोनच गोष्टी त्यांना नडल्या: मुदत तोकडी आणि पायाखाली जमीन नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत जर्मन येशूसंघी आले. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ ची, सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चे. दोन्हींना त्यांचा हात लागला. ही मंडळी वर्गात रमली. साष्टीची जुनी चर्चे मात्र १९२८ पर्यंत पाद्रोआदोखालीच राहिली, म्हणजे मराठे होऊन गेले आणि इंग्रज आले तरी लिस्बनचा धागा तुटला नव्हता. १८९६ च्या प्लेगात गावठाणांच्या नाक्यानाक्यावर क्रूस उभे राहिले. मरोळ, चकाला, आंबोली, गोराई इथे ते आजही दिसतात. ते बसवणारे गावकरी होते.

मॉर्मन प्रचारकाचे आजचे जीवन या जुन्या पाद्र्यांच्या जीवनाहून पार निराळे आहे. अठरा वर्षांचा झालेला मुलगा दोन वर्षांसाठी नेमल्या देशात जातो. मुली दीड वर्षासाठी. खर्च घरचा. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी. कायम जोडीने राहायचे आणि जोडीनेच दारे ठोठवायची. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी लिहिणे यांसाठी राखलेला असतो. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनी. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. स्टीफन्सचे पत्र लंडनला पोचायला मोसमी वारे फिरावे लागत. पंथाचे भारतातले स्वतंत्र मिशन १९९३ मध्ये बंगळूरला सुरू झाले. परदेशी धर्मप्रचारकाला भारतात निराळा मिशनरी व्हिसा लागतो.

साष्टीतल्या जुन्या वास्तूंपैकी मरोळचे १५७९ चे चर्च १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे सोडून द्यावे लागले. देवस्थान गावाजवळ हलले, भिंती जागच्या जागी राहिल्या. त्या आता अंधेरीच्या सीप्झ या उद्योगवसाहतीच्या आवारात आहेत, संगणक आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या मध्ये. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा होते. मंडपेश्वरच्या लेण्यात भिंतीवर कोरलेला क्रूस आहे, आणि थोड्या अंतरावर नटराज. टेकडीवर मठाचे भग्नावशेष. लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे.