खणांची झीज

इतिहास शिकवताना मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतर मात्र जुन्या लाकडी सामानाचे खण, म्हणजे आपले ड्रॉवर, न्याहाळायचा नाद लागला.

इंग्लंडमध्ये १७व्या शतकात खणाच्या जाड बाजूंना बाहेरून खाच पाडत आणि कपाटाच्या आत ठोकलेल्या पट्ट्यांवर तो खण टांगता ठेवत. शतक सरता सरता ही पद्धत मागे पडली. बाजूच्या फळ्या पातळ झाल्या आणि खण बुडाच्या कडांवर सरकू लागला. दिसायला नाजूक, पण सगळा भार त्या दोन कडांवर! लाकूड लाकडावर घासणार, तेव्हा झीज ठरलेलीच. खणाची कड मागे जास्त झिजते आणि आतली पट्टी पुढे, कारण खण ओढला की भार तिथेच येतो.

दुरुस्ती तशी साधी. झिजलेला भाग बेताने सरळ करायचा, त्याच जातीच्या लाकडाची पट्टी सरसाने चिकटवायची आणि वर मेण चोळायचे. सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो, म्हणून पुढच्या सुताराला आपले काम उलगडता येते.

"अख्खी फळीच बदला" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण मंडळी, त्या फळीवर सुताराच्या पटाशीच्या खुणा असतात, रोज खण उघडणाऱ्या हातांचा घासलेपणा असतो. त्या माणसांची नावे कुठल्याच ग्रंथात नाहीत. फळी फेकली की त्यांचा उरलासुरला पुरावाही गेला. म्हणून लागेल तेवढेच नवे लाकूड घालावे. असो.