स्पीडोमीटरची अचूकता आणि टायरचा आकार

मोटारीचा स्पीडोमीटर रस्त्यावरचा वेग थेट मोजत नाही. तो चाकाचे किंवा गिअरबॉक्सच्या दांड्याचे फेरे मोजतो आणि टायरचा ठरावीक परीघ धरून ताशी वेग दाखवतो. टायर बदलला तरी हे गणित जुन्याच परिघावर चालू राहते. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी असतो. त्याजागी १९५/६५ आर १५ बसवल्यास व्यास सुमारे ६३४ मिमी होतो, म्हणजे २ टक्के वाढतो. मग काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात १०२ च्या आसपास धावते. हीच तूट ओडोमीटरच्या किलोमीटरांतही पडते. झिजलेल्या टायरचा परिणाम उलटा असतो. नक्षीची खोली ८ वरून १.६ मिमीवर आली, की व्यास जवळपास १३ मिमीने घटतो आणि काटा जास्त वेग दाखवू लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ नुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी नसावा. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालतो. म्हणूनच बहुतेक उत्पादक काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. मोठे टायर ही राखीव फट खाऊन टाकतात. धोका खरा तिथे आहे.

पडताळणीसाठी सपाट, सरळ महामार्गावर काटा ६० वर स्थिर ठेवून किलोमीटरच्या दगडांमधला वेळ शेजारी बसलेल्याने मोजावा. पाच किलोमीटरना ३०० ऐवजी ३१५ सेकंद लागले, तर खरा वेग ५७ आहे. एकाच किलोमीटरवर विसंबू नये, कारण दगड नेहमीच नेमक्या अंतरावर नसतात. मोबाइलमधील जीपीएसही विश्वसनीय ठरते, मात्र वेग स्थिर हवा आणि आकाश मोकळे. बोगद्यात व घाटात त्याचा आकडा धरू नये.