फेअरवेचं गवत आधी कापलं कोणी?

टीव्हीवर गोल्फ पाहताना टी आणि ग्रीन यांच्यामध्ये जो गुळगुळीत हिरवा पट्टा दिसतो, तो फेअरवे. पहिला फटका तिथे पडला तर ठीक, नाहीतर चेंडू बाजूच्या उंच गवतात, म्हणजे रफमध्ये. ही विभागणी इतकी सरळ वाटते, की खेळाइतकीच ती जुनी असणार असं आपण धरून चालतो. संशोधन करणाऱ्याने नेमकं इथेच थबकायला हवं.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचे उंचसखल पट्टे आहेत. त्यांना लिंक्स म्हणतात. शेतीला फारशी उपयोगाची नाही अशी ही जमीन. पाणी लगेच झिरपतं, त्यामुळे फेस्क्यू आणि बेंट जातींचं बारीक, चिवट गवत तिथे तग धरतं. १४५७ मध्ये स्कॉटिश संसदेने गोल्फवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसायचे. म्हणजे खेळ तेव्हाच पसरलेला होता. आणि एडविन बडिंगच्या गवत कापायच्या यंत्राचं पेटंट आहे १८३०चं! मधली जवळजवळ पावणेचारशे वर्षं हे काम मेंढ्या आणि सशांनी केलं. आखूड गवताची वाट होती, पण तिला काठ नव्हते.

सेंट अँड्र्यूजमध्ये यावरून चांगलंच रण माजलं. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगर परिषदेने लिंक्सची जमीन हातची घालवली आणि पुढे ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली. ससे गवत खुडतात हे खरं, पण बिळंही खणतात. गोल्फवाले कोर्टात गेले. १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं.

आता शब्दाकडे येऊ. फेअरवे म्हणजे जहाजांना जायला मोकळा जलमार्ग, हा अर्थ जुना. त्यामुळे गोल्फने तो खलाशांकडून उचलला, असं चटकन सांगितलं जातं. पण १७४४ मध्ये लीथच्या खेळाडूंनी लिहिलेल्या १३ नियमांपैकी चौथा पाहा. चेंडूजवळचे दगड आणि हाडं (हो, हाडं!) उचलायची मुभा फक्त ‘फेअर ग्रीन’वर आहे, आणि तीही चेंडूपासून एका काठीच्या अंतरात. मला तरी हा धागा जलमार्गाइतकाच विचार करण्याजोगा वाटतो. जुनी कागदपत्रं ‘फेअरवे’ एवढाच शब्द घेऊन चाळलीत, तर हा नियम हाती लागणारच नाही.

१८४८च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला, खेळणारे वाढले. सेंट अँड्र्यूजला जाताना आणि येताना एकच अरुंद वाट होती, समोरून माणसं यायची. म्हणून गॉर्सची काटेरी झुडपं काढून ती रुंद केली गेली. नंतर घोड्याने ओढायची यंत्रं आली. खुरांनी गवत उखडू नये म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत. यंत्राने कुठवर कापायचं हे माणूस ठरवतो. सशाला तसं सांगता येत नाही. फेअरवे आणि रफ यांच्यातली रेघ खरी उमटली ती इथे.

या रेघेला महत्त्व का? आखूड गवतावर चेंडू उचललेला राहतो, काठीचं तोंड थेट त्याला भिडतं आणि त्याला उलटी फिरकी मिळते. रफमध्ये मध्ये गवत चेपलं जातं, घर्षण घटतं, फिरकी कमी होते आणि चेंडू ग्रीनवर पडूनही पुढे धावत सुटतो. म्हणजे फेअरवेवर असण्याचा फायदा पुढच्या फटक्यात दिसतो.

गंमत म्हणजे नियमपुस्तकाच्या व्याख्यांमध्ये फेअरवे नाही. आधी ‘थ्रू द ग्रीन’ हा शब्दप्रयोग होता, २०१९ पासून ‘जनरल एरिया’ आहे, आणि दोन्हींत फेअरवे-रफ एकत्रच येतात. जमिनीत रुतलेल्या चेंडूच्या नियमात फेअरवे डोकावतो, पण तो गवताच्या उंचीचं माप म्हणून: फेअरवेइतकं किंवा त्याहून आखूड कापलेलं.